डबडं, भंगार आणि अकराशे रुपये

नमस्कार,

‘आठ वर्षांच्या डबड्यावर पैसे घालायला सांगता, हा कंजूषपणा की दिशाभूल?’ असं तुम्ही, ‘जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी दुरुस्त होतो का ते बघा’ या माझ्या लेखावर विचारलंत. कंजूषपणा मान्य. दिशाभुलीचं बघू.

माझा 2017 चा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात अचानक बंद पडला. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात न उघडताच निकाल लागला: ‘मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला. नऊ हजार, नाहीतर भंगार.’ लक्षण एवढंच होतं की पिन लावली की चार्जरवरचा दिवा विझायचा. म्हणजे बोर्डावर कुठेतरी शॉर्ट सर्किट, आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. चिप लेव्हलचं काम करणाऱ्या, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला सुटा भाग बदलणाऱ्या दुसऱ्या कारागिराने बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (चटकन उडून जाणारा द्रव) फिरवलं, थोडी वीज सोडली आणि बघत बसला. एका जागचं अल्कोहोल सगळ्यांआधी उडालं. तिथे तांदळाच्या कणीएवढा कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) तापत होता. तो बदलला, अकराशे रुपये झाले. (वर चहाही त्यानेच पाजला.)

म्हणून मी आधी वय विचारत नाही, काय बिघडलंय ते विचारतो. बॅटरी, कीबोर्ड, हिंज (झाकणाची बिजागरी) असल्या कारणाने लॅपटॉप मोडीत काढू नये. चहा सांडून बोर्ड गंजला असेल किंवा ग्राफिक्स चिप गेली असेल, तर मीही हात जोडतो. रिबॉल केलेली, म्हणजे काढून नव्या सोल्डरने पुन्हा बसवलेली चिप किती टिकेल, याची खात्री कारागीरही देत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला लागला. विंडोज 10 चे नियमित मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि माझ्या सातव्या पिढीच्या आय 5 प्रोसेसरला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. हे लेखात यायला हवं होतं, राहिलं. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून मोकळा झालो. विंडोजसाठी बनलेल्या टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याला तो मार्ग सोयीचा नाही, त्याने नवा घेतलेला बरा.

आणि भंगारात द्यायचाच असेल, तर आधी डिस्क काढून ठेवा. नुसतं फॉरमॅट मारल्याने फायली खऱ्या अर्थाने पुसल्या जातातच असं नाही. फुगलेली बॅटरी घंटागाडीत तर मुळीच टाकू नका, दाबली गेली की पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

बाकी, तुमच्या लॅपटॉपला नेमकं काय झालंय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पिन लावल्यावर चार्जरचा दिवा विझतो का, तेवढं बघून कळवा.