'अप्रेंटिस म्हणजे फुकटचा हमाल': त्या फॉरवर्डला उत्तर

डिप्लोमा-डिग्रीचे निकाल लागले की एक मेसेज फिरायला लागतो: 'मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप करू नका. फुकट राबवतात, झाडू मारायला लावतात, हातपाय तुटला तर कायदा नाही, वर्ष संपलं की हाकलतात.' मी डिप्लोमानंतर चाकण पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस होतो, म्हणून हे लिहितोय.

फुकट? अप्रेंटिसशिपच्या नियमांतल्या 2019च्या दुरुस्तीने डिग्रीवाल्याला महिना किमान 9000 आणि डिप्लोमावाल्याला 8000 रुपये स्टायपेंड ठरला. खोलीभाडं आणि मेस भागवून त्यातलं काही उरत नाही, हे खरंच. कमी म्हणा, फुकट म्हणू नका.

झाडूचा मुद्दा जरा सविस्तर. हो, मीही मशीन पुसली, कूलंटच्या ट्रेमधली बर, म्हणजे धातू कापताना पडणारा कीस, काढली. तेव्हा राग यायचा. पण चकच्या जॉमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीत, एक बर अडकली की जॉब नीट बसत नाही, रनआउट येतो म्हणजे तो वाकडा फिरतो आणि पुढचे पीस रिजेक्शनच्या लाल बिनमध्ये जातात, हे मला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) मास्टर रिंगवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या कड्यावर, सेट न करता माप घेतलं म्हणून ऑपरेटरकाकांनी सगळ्यांसमोर झापलं, ते माप आजही चुकत नाही. खरी तक्रार वेगळीच आहे. माणसं कमी पडली की अप्रेंटिसला एकाच स्टेशनवर महिनोन्‌महिने उभं करतात, डिपार्टमेंट बदलून देत नाहीत. आमच्याकडेही हे झालं. पण अशा वेळी रोजच्या कामाची वही कामी येते. ती लिहिणं नियमातच आहे, आणि आपली मुलं नेमकी तीच शेवटच्या आठवड्यात एकमेकांची बघून भरतात! वहीत चार महिने 'नट टाइट केले' एवढंच दिसत असेल, तर केंद्र सरकारच्या पश्चिम विभागाच्या, मुंबईत सायनला असलेल्या अप्रेंटिसशिप बोर्डाकडे तक्रार करायला पुरावा तयार असतो.

'कायदा नाही' हे अर्धवट वाचन. 1961च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम 18 अप्रेंटिसला कामगार मानत नाही, शिकाऊ मानतं. म्हणून पीएफ नाही. पण कलम 14 कारखान्याचे आरोग्य-सुरक्षेचे नियम त्यालाही लावतं, आणि कामावर इजा झाली तर कलम 16 भरपाई मालकावर टाकतं. ओव्हरटाइमसुद्धा सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय करून घेता येत नाही.

'हाकलतात' यात तथ्य आहे. करारात तसं लिहिलेलं नसेल तर कलम 22 मालकावर नोकरी देण्याचं बंधन घालत नाही. एचआरवाले तोंडी 'बघू, करून घेऊ' म्हणतात, त्याला काडीची किंमत नाही. मात्र उत्तर प्रदेश एसटीच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की बाकी सगळं समान असेल तर थेट उमेदवारापेक्षा शिकून बाहेर पडलेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं.

मला वाटतं, मेसेजमधला बराचसा राग 'ट्रेनी' नावाखाली भरलेल्या मुलांचा आहे. 'नीम'चे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) एका वेगळ्या योजनेतले ट्रेनी त्याच लाइनवर उभे असायचे, पण ते अप्रेंटिस कायद्याखाली नव्हतेच. वर सांगितलेली कलमं त्यांना लागू नव्हती. म्हणून जॉइनिंगच्या दिवशी गेटवर एजंटने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी दोनच गोष्टी बघा: करार अप्रेंटिस कायद्याखाली आहे का, आणि 'नॅट्स'च्या, म्हणजे डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठीच्या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर तो तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो का.