झाडां मोजूक सायब येय

लांब पोस्ट आहे. सीझन चालू आहे, दिवसा मान वर करायला फुरसत नसते, म्हणून रात्री लिहितेय. चूकभूल माफ.

मागे जिल्ह्याच्या ठिकाणी उद्योजकांची एक बैठक होती. स्टेजवर फ्लेक्स, भजी-चहा आणि प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म. पहिलाच रकाना 'प्रस्तावित गुंतवणूक (रु. कोटीत)'. मी ०.२२ लिहिलं. शेजारच्या गृहस्थांनी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी १४ लिहिलं. शेवटी माइकवरून सगळ्या फॉर्मांची बेरीज सांगितली आणि टाळ्या पडल्या. माझे बावीस लाख त्या बेरजेत दशांश चिन्हाच्या उजवीकडे कुठेतरी गेले असतील. 'कारखाना वर्षातून किती महिने चालतो' असा रकाना मी फॉर्म उलटापालटा करून शोधला. नव्हता.

माझा सात महिने चालतो.

कुडाळ तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. बॉयलर, कटिंगची टेबलं, ड्रायर, सोलायला बसणाऱ्या अकरा बायका, आणि हिशेबाला मी. पण कारखान्याआधी बागेचं सांगायला हवं.

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आणली. त्याआधी आमच्या वरकस जमिनीत काय होतं? नाचणी, वरी, गवत आणि करवंदाच्या जाळ्या. घरातले कर्ते पुरुष मुंबईला गिरणीत, आणि १९८२ च्या संपानंतर त्यातले कितीतरी परत आलेले, रिकाम्या हातांनी. आमचे सासरे, आबा, त्यातलेच. त्यांनी ९२ साली तीनशे कलमं लावली, 'वेंगुर्ला-४' जातीची. ती जात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली, ते केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, आणि ते विद्यापीठ १९७२ पासूनचं. म्हणजे सरकारने आधी वीस वर्षं संशोधनाला पैसे दिले होते, आणि मग कलम आबांच्या खड्ड्यात आलं. खड्डे खणायची मजुरी, कलमं, खत, सगळं शंभर टक्के अनुदानात. मात्र एकदम हातात नाही. हप्त्याने, आणि झाडं जगली असतील तरच पुढचा हप्ता.

आबांना विचारलं, मे महिन्यात हंड्याने पाणी घालत होतात ते कशासाठी, हौस होती? म्हणाले, "हौस खयची गो? झाडां मोजूक सायब येय. म्हणान पाणी घातला. नायतर त्या कातळार कोण मरता?"

माझ्या मते कोकणात सरकारने राबवलेलं सगळ्यात यशस्वी औद्योगिक धोरण हेच. त्याला तसं कोणी म्हणत नाही, कारण ते कृषी खात्याच्या आणि रोजगार हमीच्या फायलीत बसतं. पण आज सिंधुदुर्गात, रत्नागिरीत काजूचे जे कारखाने दिसतात, त्यांचा कच्चा माल त्या खड्ड्यांतून आला. जमीन कोणाची गेली नाही, गाव उठलं नाही, पोलीस बंदोबस्त लागला नाही.

आता दुसरी बाजू. एमआयडीसी १९६२ ची. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून तालुक्यांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, जितका मागास तितकी सवलत जास्त. हेतूला नावं ठेवायची नाहीत मला. पण सवलत मोजायची कशावर? मुख्यतः स्थिर भांडवलावर. जमीन, इमारत, यंत्रं. जो जास्त लोखंड आणेल तो मोठा. मग रासायनिक कारखाने येतात, लोट्यासारखी वसाहत उभी राहते, आणि दाभोळ खाडीतला मच्छीमार मेलेले मासे घेऊन दर काही वर्षांनी मोर्चा काढतो. खाडीतल्या माशांना कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

एन्रॉन आठवतंय ना? गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प. १९९२ ला सामंजस्य करार. ९५ ला नव्या सरकारने रद्द केला, आणि मग त्याच सरकारने वाटाघाटी करून परत आणला. (त्या वेळच्या भाषणांचा विषय नको.) ९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. राज्याच्या वीज मंडळाने वीज उचलली काय किंवा नाही, स्थिर आकार भरायचाच, असा करार. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत कंपनीच बुडाली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो सांगाडा उचलला. देशातली तेव्हाची सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजलेला प्रकल्प होता तो. फॉर्ममध्ये पहिला नंबर आला असता.

मग राजापूर तालुक्यातली नाणारची रिफायनरी. तीन लाख कोटींची, वर्षाला सहा कोटी टन तेलाची. मार्च २०१९ ला नाणार रद्द, मग बारसू, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रखरखत्या उन्हात आडव्या पडलेल्या बायका आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, ती तर तालुक्यांचे मागासपणाचे वर्ग पाडायच्या कितीतरी आधीपासून आहेत. मला लोक विचारतात, ताई तू रिफायनरीच्या बाजूने की विरोधात. माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. जगात रिफायनऱ्या आहेत, गाडीत पेट्रोल मीही घालते. पण त्या वादात एवढी वर्षं गेली की 'कोकणचा विकास' म्हटलं की दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात, समर्थक आणि विरोधक, आणि काजू सोलणाऱ्या बाईने कुठे बसायचं ते कोणी सांगत नाही.

आता माझं दुखणं.

युनिट टाकताना केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना मिळाली. ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख. बावीस लाखांच्या यंत्रांवर सात लाख सत्तर हजार आले. आले, वेळेत आले, खोटं कशाला बोलू. पण काजूचा धंदा यंत्रावर चालत नाही, बीवर चालतो. बी येते मार्च ते मे. वर्षभर कारखाना चालवायचा तर त्या तीन महिन्यांत वर्षाची बी विकत घेऊन, उन्हात वाळवून, गोदामात थप्पी मारून ठेवावी लागते. माझ्यासारख्या लहान युनिटला पन्नास टन. किलोला १२० रुपये धरा. साठ लाख! यंत्रांच्या जवळजवळ तिप्पट, आणि ते रोख, कारण शेतकरी उधारीवर कशाला देईल.

बँकेत गेले. (कुठली ते राहू दे.) साहेब म्हणाले, मशिनरी तारण आहे, तेवढ्यावर बसेल तेवढं देतो. बसले अठरा लाख. म्हणजे पंधरा टन बी. आणखी थोडी घरची, थोडी ओळखीवर, की गणपतीपर्यंत गोदाम रिकामं. मग काय करायचं? एक तर मोठ्या व्यापाऱ्याचं जॉबवर्क, त्यात किलोमागे सोलणावळ मिळते आणि गर त्याचा. नाहीतर आफ्रिकेची बी. पश्चिम आफ्रिकेचा माल पावसाळ्यात बंदरावर आलेला असतो, टांझानियाचं पीक ऑक्टोबरनंतर निघतं, आणि मुख्य म्हणजे आयातदार दीड महिन्याची उधारी देतो. बँक देत नाही ते आयातदार देतो.

तर कबूल करते, मीही आफ्रिकेची बी फोडते. चवीला आमच्या बीची सर नाही, पण फुटते. पोती उतरतात तेव्हा आबा पडवीत बसलेले असतात. काही बोलत नाहीत. पोत्यावरची फ्रेंच अक्षरं बघतात आणि पानाला चुना लावतात.

कारण त्या पोत्यांमुळे त्यांच्या बीचा दर पडतो. मधल्या काळात दीडशेच्या वर गेलेला दर शंभरीच्या आसपास आलेला आम्ही घरातच पाहिला. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयातशुल्क ५ वरून अडीच टक्के केलं. प्रक्रिया उद्योग जगावा म्हणून. बागायतदार म्हणतात शुल्क वाढवा, कारखानदार म्हणतात काढूनच टाका, आणि हे भांडण आमच्याकडे एकाच ताटावर होतं. २०२४ ला राज्याने बागायतदाराला किलोमागे दहा रुपये अनुदान जाहीर केलं. चांगलं. पण सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी, विक्रीची पावती हवी. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली पाच वारलेली आणि सहा जणांचा बोरिवलीचा पत्तासुद्धा आम्हाला माहीत नाही.

बाहेर काय करतात बघा. व्हिएतनाम एकेकाळी आपल्याला कच्ची बी विकायचा. त्यांनी बी फोडायची यंत्रं स्वतः बनवली, कारखाने उभे केले, आणि २००६ च्या सुमाराला काजूगराच्या निर्यातीत आपल्याला मागे टाकलं. आयव्हरी कोस्ट तर आता कच्ची बी बाहेर नेणाऱ्यावर कर लावतं आणि देशातच गर काढून निर्यात करणाऱ्याला किलोवर अनुदान देतं. किलोवर! यंत्र किती लाखांचं हे विचारत नाहीत, गर किती निघाला ते विचारतात. हे आबांच्या साहेबासारखंच झालं की. खड्डे किती खणले ते त्यानेही विचारलं नव्हतं.

आपल्या राज्याला हे जमत नाही असंही नाही. द्राक्षासाठी २००१ मध्ये स्वतंत्र प्रक्रिया धोरण आलं, वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूरला पार्क झाला, आणि नाशिकचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बोंडूचं, म्हणजे बीला लागून येणाऱ्या काजूच्या फळाचं काय? बीच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू झाडाखाली कुजतो. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मधे फक्त सीमेवरचं चेकपोस्ट. बोंडूच्या घोषणा आम्ही ऐकल्यात, माझ्या बागेत मात्र अजून माश्याच घोंघावतात.

मला नवीन योजना नको आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना ९०-९१ पासून चालू आहे, काजू बी त्यात बसते. माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, १८० दिवस. फक्त ती शेतकऱ्यासाठी आहे, आणि काजूचं वर्ष १८० दिवसांत संपत नाही. हीच सोय स्थानिक बी घेणाऱ्या लहान युनिटला दहा महिन्यांसाठी द्या. अट घाला, की बी याच जिल्ह्यातली हवी आणि कारखाना जानेवारीतही चालू दिसला पाहिजे. मोजायला साहेब पाठवा. मी चहा देईन. जानेवारीत चालू नसला तर व्याजाची सवलत काढून घ्या, माझी हरकत नाही.

बैठकीत हे बोलले मी. स्टेजवरच्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, मुद्दा चांगला आहे म्हणाले, आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, तुमची विस्ताराची गुंतवणूक किती पकडू?"

तीनशेपैकी दोनशे साठच्या वर झाडं आज उभी आहेत. धाकटे दीर म्हणतात, खालचा वाफा तोडून रबर लावूया, दोडामार्गात केरळवाल्यांनी लावलाय तसा, निदान महिन्याला पैसे येतात. आबांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पाऊस पडायच्या आत ठरवायचंय.