‘जुन्याची कॉन्फिग टाक ना, तासाभराचं काम आहे’

हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी त्याला रात्री दीड वाजता महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये रॅकसमोर उभं करणार आहे, हातात कीबोर्ड देऊन. गेल्या महिन्यात मी तिथे उभी होते. डोंबिवलीहून शिळफाट्याच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, अंगावर घरातलेच कपडे आणि वर एक जॅकेट. कारण काय, तर नव्या सर्व्हरचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जुन्या सर्व्हरच्या कॉन्फिगने, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं नि काय वगळायचं याच्या यादीने, बिल्ड करायला सांगितलं होतं; म्हणे ‘दोन्ही सर्व्हर सेम आहेत’.

सेम नाहीत! खोका एकाच कंपनीचा आहे म्हणून आतलं सामान सेम होत नाही. जुना इंटेलचा, नवा एएमडीचा. जुन्यात डिस्कचं कंट्रोलर कार्ड एक, नव्यात दुसरं. नेटवर्क कार्ड वेगळं. आमच्याकडे एका कार्डासाठी कर्नलला पॅच (कोडमधली दुरुस्ती) मारावा लागतो, डेबियनच्या, म्हणजे आम्ही वापरतो त्या लिनक्सच्या, तयार कर्नलवर ते कार्ड चालत नाही, म्हणून दर वेळी सोर्सवरून आम्हीच बिल्ड करायचा. ठीक आहे, ते माझं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी फक्त दोन तास मागितले होते: नव्या मशीनवर एलएसपीसीआय मारून कुठलं हार्डवेअर आहे ते बघते, कॉन्फिगशी ताडते, मग बिल्ड करते. उत्तर आलं, ‘अगं, कशाला वेळ घालवतेस, चालू असलेली कॉन्फिग आहे ना आपल्याकडे.’

चालू आहे, पण त्या मशीनवर! कर्नलची कॉन्फिग ही कुठल्याही भांड्यावर बसणारी झाकणी नाही. जुन्या सर्व्हरची ती फाइल ज्या माणसाने बनवली तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. त्याने कर्नलच्या ४.१९ आवृत्तीवर मेक लोकलयेसकॉन्फिग मारलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ही आज्ञा त्या क्षणी त्या मशीनवर जे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) लोड झालेले असतात तेवढेच ठेवते, तेही थेट कर्नलच्या आत बसवते, आणि बाकीचे मॉड्यूल सरळ बंद करते. म्हणजे शेकडो ड्रायव्हर गेले. त्या मशीनसाठी उत्तम! छोटा कर्नल, बूट होताना ड्रायव्हर पुरवणारी तात्पुरती फाइलसिस्टिम, इनिटरॅमएफएस, तीसुद्धा लागत नाही. पण ही फाइल त्या एका मशीनच्या मापाची आहे हे त्याने कुठे लिहून ठेवलं? कुठेच नाही. साडेचार हजार ओळींची फाइल आणि एक ओळ टिपणाची नाही. फाइलचं नाव काय, तर ‘फायनल’.

ती फाइल ४.१९ ची, सोर्स ६.१ चा. २०१८ ची कॉन्फिग आणि २०२२ चा कर्नल. मधल्या चार वर्षांत कितीतरी पर्याय नवे आले, काहींची नावं बदलली, काही गेले. मेक ओल्डकॉन्फिग मारलं तर एकेक प्रश्न विचारत बसतं, आणि वेळ तर तासाभराचा दिलेला. म्हणून सगळे मारतात ते ओल्डडेफकॉन्फिग. ते काही विचारत नाही. नव्या पर्यायांना परस्पर डिफॉल्ट लावतं, आणि जुनं नाव सापडलं नाही तर ती ओळ गुपचूप टाकून देतं. स्क्रीनवर लाल अक्षर नाही, इशारा नाही. बिल्ड सुरळीत पूर्ण होतो, आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. (डेबियनची स्वतःची कॉन्फिग उचलली तरी सर्टिफिकेटच्या एका ओळीवर बिल्ड अडकतो, पण तिथे निदान अडकतो तरी! चूक समोर दिसते.)

आमचा बिल्ड अडकला नाही. रीबूट केलं आणि पिंग (सर्व्हर जिवंत आहे का हे दुरून बघायची हाक) परत आलंच नाही. सर्व्हरच्या मॅनेजमेंट कार्डावरून स्क्रीन बघता येते, पण त्या सोयीचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं आणि ते ‘या वर्षीच्या बजेटमध्ये नव्हतं’. रिमोट रीबूट करून उपयोग नाही, कारण आमची इन्स्टॉलची स्क्रिप्ट नव्या कर्नललाच डिफॉल्ट करून ठेवते. म्हणून महापे.

तिथे मॉनिटर लावला. ‘हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स’ अशी ओळ, आणि त्याखाली यादी असायला हवी तिथे काहीच नाही. एकही डिस्क नाही. लगेच पुढची ओळ कर्नल पॅनिकची (कर्नल हात टेकून थांबतो ती): अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०), म्हणजे सिस्टिम असलेली डिस्कच सापडत नाही. आठ डिस्क समोर हिरवे दिवे लावून बसल्यात आणि कर्नलला त्यातली एकही दिसत नाही, कारण जुन्या कंट्रोलरचा ड्रायव्हर एमपीटीथ्रीएसएएस आत आहे आणि या मशीनला लागणारा मेगारेड एसएएस ‘इज नॉट सेट’, म्हणजे बंद. एका ओळीचा फरक! ती ओळ मी त्या मागितलेल्या दोन तासांतल्या पहिल्या दहा मिनिटांत पकडली असती.

ग्रबमधून (बूट होताना कर्नल निवडायचा मेनू) डेबियनचा कर्नल निवडून मशीन वर आणलं, ड्रायव्हर घालून पुन्हा बिल्ड केला. आता बूट झालं, पण नेटवर्क नाही. आयपी लिंक मारलं तर फक्त ‘एलओ’, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस. नव्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही नव्हता. पुन्हा बिल्ड. पहाटे पाच वाजले. यूनेम मारलं तर कर्नलच्या नावाच्या शेपटीला जुन्याच सर्व्हरचं नाव, कारण ती शेपटी ठरवणारं लोकलव्हर्जनसुद्धा कॉन्फिगबरोबरच आलं होतं.

आणि खरा संताप पुढे आहे. आठवड्याने क्लायंटची तक्रार आली की नवा सर्व्हर जुन्यापेक्षा जलद नाही. लाखो रुपये घालून घेतलेलं ६४ थ्रेडचं, म्हणजे एका वेळी ६४ कामं चालवणारं मशीन. किती प्रोसेसर वापरता येतात ते बघायला एनप्रॉक मारलं. उत्तर १६. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ओळीच्या ओळी: मर्यादा १६ गाठली, पुढचा प्रोसेसर दुर्लक्षित. जुन्या सर्व्हरला १६ थ्रेड होते म्हणून त्या माणसाने एनआर सीपीयूज, म्हणजे कर्नल जास्तीत जास्त किती प्रोसेसर घेईल तो आकडा, १६ वर बांधून टाकलं होतं. नव्या मशीनचे ४८ थ्रेड एक आठवडा नुसते बसून होते, वीज खात. तेव्हा मी अख्खी फाइल ओळीने वाचायला घेतली. रॅममध्ये चूक झाली तर कुठल्या डिमची (रॅमच्या पट्टीची) ते सांगणारा ईडॅकचा ड्रायव्हर इंटेलचा चालू, एएमडीचा बंद. म्हणजे रॅम खराब झाली असती तर नेमकी कुठली ते त्याच्याकडून आम्हाला कळलंही नसतं! पॅनिक परवडला. तो निदान तोंडावर सांगतो.

या सगळ्यानंतर मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, ‘तू आधी चेक का केलं नाहीस?’

मी दोन तास मागितल्याचा मेल तिथेच उघडून दाखवला. कुणी काही बोललं नाही. विषय बदलला.

पुढच्या सोमवारी आणखी दोन सर्व्हर येतायत. काल मेसेज आला, ‘त्याच कॉन्फिगने कर दोन्ही.’ मी लेखी उत्तर दिलंय: दोन्ही मशीनचं एलएसपीसीआय आणि एलएसमॉड (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) माझ्या हातात आल्याशिवाय मी मेक मारणार नाही, आणि रिमोट स्क्रीनचं लायसन्स नसेल तर रीबूटही करणार नाही. ज्यांना तासाभरात हवंय त्यांनी स्वतः महाप्याला जाऊन बसावं.