जपानी हिरो मारामारीत गायला लागला तर काय कराल

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जपानी पिक्चर म्हणजे पाऊस, रिकामा प्लॅटफॉर्म, तीन मिनिटं कुणी काही बोलत नाही आणि शेवटी एक आजोबा चहा पितात. एवढंच. ही अपेक्षा नीट बसल्याशिवाय ताकाशी मिइकेचा २०१२ चा 'आइ तो माकोतो' लावूच नका (इंग्रजीत 'फॉर लव्हज सेक' या नावाने शोधा), कारण अपेक्षाच नसली तर तुम्ही चुकून हसाल, आणि एकदा हसलात की फिल्म क्लबातल्या दाढीवाल्यांसमोर कुठल्या तोंडाने जाणार?

स्टोरी थोडक्यात ऐका. श्रीमंत घरातली मुलगी लहानपणी स्कीइंग करताना जोरात घसरत सुटते, एक मुलगा मध्ये पडून तिला वाचवतो आणि त्या भानगडीत त्याच्या कपाळावर कायमचा वण राहतो. मग येतं १९७२ चं टोकियो. तो मुलगा, म्हणजे माकोतो, आता अट्टल गुंड झालाय, दिसेल त्याला बुकलतोय, आणि ती मुलगी, म्हणजे आइ साओतोमे, ठरवते की याला मीच सुधारणार, आईबाबांचा वशिला लावून त्याला स्वतःच्या पॉश शाळेत घुसवते. तो तिथून हाकलला जातो आणि हानाझोनो नावाच्या टपोरींच्या शाळेत पोचतो, ही त्याच्या मागे. हिच्यावर जीव टाकणारा चष्मेवाला स्कॉलर इवाशिमिझु, तो हिच्या मागे. अशी सगळी वरात एकामागोमाग निघालीय आणि पुढच्यांपैकी कुणीच मागच्याला हो म्हटलेलं नाही.

इथे तुम्ही घसा साफ करून म्हणायचं, "याला काही लॉजिक आहे का?" दर दहा मिनिटांनी म्हणायचं. विशेषतः अगदी सुरुवातीलाच माकोतो एकीकडे लोकांना तुडवत एकीकडे गायला लागतो तेव्हा तर हे म्हटलंच पाहिजे, कारण मारामारी चालू असताना माणूस गाणं कसं म्हणेल, दम नाही का लागणार, आणि ऑर्केस्ट्रा कुठून आला? आपण बाबा चोखंदळ लोक. आपण लहानपणापासून फक्त वास्तववादी सिनेमा बघितलाय, ज्यात शम्मी कपूर बर्फात लोळत याहू म्हणून ओरडतो आणि बायका स्वित्झर्लंडच्या थंडीत शिफॉनच्या साडीत उभ्या राहून गातात, पण त्यांना सर्दी होत नाही.

मग वयाचा मुद्दा काढा. शाळकरी माकोतो झालेला सातोशी त्सुमाबुकी पिक्चर आला तेव्हा ३१ वर्षांचा होता, हे मोबाईलवर शोधून शेजारच्याला दाखवा, भर गाण्यात दाखवलंत तर उत्तम. त्याच शाळेत गोंता नावाचा दादा आहे, तो तर सरळसरळ पन्नाशीला टेकलेला त्सुयोशी इहारा, आणि मिइके काय करतो, तर गोंताला लवकर म्हातारं दिसण्याचा आजार आहे असं सांगून मोकळा होतो. बघा, निदान आजार तरी दिला! आपल्याकडे पोट सुटलेला हिरो "माँ, मैं पास हो गया" करत आला तेव्हा कुणी साधं डॉक्टरचं सर्टिफिकेटही मागितलं नाही.

गाणी लागली की फॉरवर्ड करा. नाही केलंत तर धोका आहे, तुमच्या लक्षात येईल की ही गाणी नवीन नाहीतच, बरीचशी सत्तरच्या दशकातली जपानी हिट गाणी आहेत. माकोतो मारामारीत गातो ते 'हागेशी कोइ' हे हिदेकी साइजोचं १९७४ चं गाणं, आणि याच गोष्टीवर १९७४ मध्येच निघालेल्या पहिल्या पिक्चरमध्ये माकोतो झाला होता तो हाच साइजो. म्हणजे नवा हिरो जुन्या हिरोचं गाणं म्हणत लोकांचे दात पाडतोय. आपल्याकडच्या रिमिक्ससारखा मध्येच रॅप टाकलेला नाही, कुणी इंग्रजीत "बेबी" म्हणत नाही, त्यामुळे आपल्या पब्लिकला जरा सुनं सुनं वाटेल.

अजून मोठा धोका पुढे आहे. फॉरवर्ड न करता बघत राहिलात तर कळेल की जवळपास प्रत्येक जण आपापलं गाणं एकटाच म्हणतोय. आपल्याकडे हिरोने झाडामागून एक ओळ टाकली की हिरोइन दुसऱ्या झाडामागून पुढची ओळ उचलते, तिचं पाठ कुठे झालं ते विचारायचं नाही, आणि गाणं संपेपर्यंत प्रेम जमलेलं असतं. इथे साओतोमे जीव ओतून, हातवारे करून, डोळ्यात चांदण्या आणून गाते आणि ज्याच्यासाठी गाते त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. इवाशिमिझुचंही तेच. एवढं नाचून पुन्हा आपल्या जागेवर. सोळाव्या वर्षी बहुतेकांचं प्रेम असंच असतं, डोक्यात शंभर व्हायोलिन वाजतायत आणि समोरची व्यक्ती वडापाव खातेय, पण हे कबूल करायला गेलात तर शाळेतली कुठलीतरी बाक नंबर तीनवाली व्यक्ती आठवेल आणि बायको किंवा नवरा बाजूलाच बसलाय, सांभाळा.

मूळ कॉमिक वाचलेला कुणी भेटला तर त्याला टाळा. तो सांगेल की १९७३ ते १९७६ 'शोनेन मॅगझिन'मध्ये आलेली ही मांगा (म्हणजे जपानी कॉमिक) लिहिणाऱ्या इक्की काजिवाराने अजिबात विनोद केला नव्हता, सगळं रक्त आटवून सीरियसली लिहिलं होतं, आणि इवाशिमिझुचं "तुझ्यासाठी मी मरू शकतो" हे वाक्य जपानमध्ये लोकांच्या तोंडी बसलं. मिइकेने ते भडक प्रेम फारसं पातळ केलेलंच नाही, उलट आवाज अजून वाढवला, आणि हसू तिथूनच येतं. (हाच काजिवारा 'क्योजिन नो होशी' या बेसबॉलच्या मांगाचाही लेखक, जिच्यावरून २०१२ मध्येच कलर्स चॅनेलवर 'सूरज द रायझिंग स्टार' आलं होतं, मुंबईच्या झोपडपट्टीतला पोरगा आणि बेसबॉलच्या जागी क्रिकेट. म्हणजे काजिवाराचा घाम आणि अश्रू आपल्या दारात येऊन गेले, आपण चॅनेल बदललं.)

दिग्दर्शकाची माहिती मात्र आधीच काढून ठेवा. 'ऑडिशन' आणि 'इची द किलर'वाला माणूस आहे म्हटल्यावर पहिल्या मिनिटापासून कुणाचा तरी पाय कापला जाईल म्हणून उशी डोळ्यावर धरून बसा. पाय काही कापला जात नाही. हिरो मुलींशीसुद्धा फार वाईट वागतो, ते मला खरंच खटकलं, सत्तरचं दशक म्हणून सोडून देण्यासारखं नाही ते. आणि १३४ मिनिटं जास्तच झाली, उत्तरार्धात गाणी आटतात आणि गुद्दे वाढतात, तिथे मात्र तुम्ही लॉजिकवाला प्रश्न विचारलात तर मी अडवणार नाही.

कान फिल्म फेस्टिव्हलला २०१२ मध्ये हा मध्यरात्रीच्या शोला दाखवला होता. तुम्ही तसं करू नका. रविवारी दुपारी मटण-भात हाणून, पंखा पाचवर, काकांना शेजारी बसवून लावा, म्हणजे दर गाण्याला काका विचारतील "हा गुंड आहे की गायक?" आणि तुम्हाला उत्तर द्यायला पॉज करावा लागेल.

संपल्यावर कुणी विचारलं तर "ठीक आहे, पण संदेश काय?" एवढंच बोला. आणि एवढं सगळं पाळूनही 'हागेशी कोइ' तोंडात बसलंच, तर ते फक्त बाथरूममध्ये म्हणा, नळ मोठा सोडून. साबणाचा माईक केलात तरी चालेल, कडी तेवढी लावा.