जैसे थे

गेले वर्षभर मी घर शोधत आहे. ठाण्यात हे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस पुढच्याच श्वासात "कार्पेट किती?" असे विचारतो आणि मी तेथेच अडखळतो, कारण मला हवे असलेले घर चौरस फुटांत सांगता येत नाही. नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. एकतीस वर्षे मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात आरेखक होतो. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने लोकांच्या घरांच्या रेषा ओढायच्या आणि चुकलेली रेष ब्लेडने हलकेच खरवडून काढायची, यात उमेदीची वर्षे सरली. निदान म्हातारपण तरी कोणीतरी विचार करून काढलेल्या घरात जावे, अशी माझी इच्छा आहे, आणि ती ऐकून घरातील मंडळी एकमेकांकडे बघतात.

माझ्या मनातल्या घराला इंग्रजीत मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर अशी घरे झाली: नक्षीकामाला रजा, खांब-तुळया उघड्या, अंगण घरात आणि घर अंगणात. कॅलिफोर्नियात जोसेफ आयकलर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने वास्तुविशारदांकडून आराखडे करून घेऊन अशी सुमारे 11,000 घरे मध्यमवर्गासाठी बांधली. तेथे मूळ स्वयंपाकघर शाबूत असले तर विकणारा ते अभिमानाने सांगतो. आपल्याकडे मूळ स्वयंपाकघर शाबूत असले तर घेणारा "सगळं तोडून नवीन करावं लागेल" म्हणून किंमत पाडून मागतो.

पहिल्याच एजंटाला मी हे सर्व समजावून सांगितले. त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाला, "सेंच्युरी नावाची सोसायटी आपल्याकडे नाही, काका. पण चौकशी करतो." मी म्हटले, वास्तुविशारदाने विचारपूर्वक काढलेले घर हवे. त्यावर तो मनापासून चकित झाला. "सगळी घरं आर्किटेक्टच काढतो की! त्याच्या सहीशिवाय प्लॅन पास होतो का?" एकतीस वर्षांच्या अनुभवानंतरही मला यावर उत्तर सुचले नाही.

खरी अडचण मात्र एजंटाची नव्हती, इतिहासाची होती. मी शोधत होतो खाडीपलीकडच्या नवी मुंबईत, आणि तेथे शतकाच्या मध्यावरचे घर मिळणार कोठून? तेव्हा तेथे भातखाचरे, मिठागरे आणि खाडी होती. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी मांडली ती साठच्या दशकात, आणि ते शहर उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली 1970 साली. तेव्हा मी शतकाचा हट्ट सोडला आणि त्याच घराण्यातील धाकट्या पातीवर समाधान मानायचे ठरवले. ती पाती म्हणजे बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी कोरियांनी सुमारे 550 कुटुंबांसाठी आखलेली ही बैठी वसाहत 1983 ते 1986 या काळात झाली. सात घरे मिळून आठ मीटर लांब-रुंद असा एक चौक, असे तीन गट मिळून बारा मीटरचा मोठा चौक, आणि अशी ती रांगोळी ठिपक्याठिपक्याने वाढत गेलेली. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे गरीब-श्रीमंतांत अंतर असले तरी ते एका खोलीपुरतेच. माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट अशी की कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही.

मी दर रविवारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला जाऊ लागलो. एजंट मोठ्या उत्साहाने एकेक "ओरिजिनल" घर दाखवी. पहिले ओरिजिनल घर तीन मजली होते. दुसऱ्याला बाहेरून चकचकीत ग्रॅनाइट आणि गच्चीला स्टीलचे कठडे होते. तिसऱ्या घरात मूळचे काय उरले आहे असे मी विचारले, तेव्हा मालकाने थोडा विचार करून "नंबर" असे सांगितले. मी नाराज होत आहे हे पाहून एजंट धीर देई, "काका, तुमच्या नशिबात असेल तर जुनं, पडकं काहीतरी नक्की मिळेल."

माझी नाराजी न्याय्य नव्हती, हे येथेच कबूल करायला हवे. भिंती वेगळ्या ठेवण्यामागे कोरियांचा हेतूच असा होता की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, शेजाऱ्याची परवानगी न मागता, आपले घर वाढवावे. साध्या गवंड्याला बांधता येईल इतकी ती घरे सोपी ठेवली होती. याचा अर्थ, ग्रॅनाइटवाल्याने कोरियांचे म्हणणे तंतोतंत ऐकले होते आणि त्यांचे घर जसेच्या तसे राखू पाहणारा मी मात्र त्यांच्या शब्दाबाहेर चाललो होतो. हा विचार मला जुईनगरच्या आसपास सुचत असे आणि ठाणे येईपर्यंत मी तो दाबून टाकत असे.

राखण्याच्या बाबतीत मला दुसरीही धास्ती होती. कोरियांनीच 1962 मध्ये अहमदाबादला बांधलेले, वारा वरून बाहेर जाऊ देणारे ट्यूब हाऊस 1995 मध्ये पाडले गेले. वास्तुविशारद राज रेवाल यांचे दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह 1972 चे. ते एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत भुईसपाट झाले, कारण वारसा म्हणवून घ्यायला तेथे साठ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्या इमारतीची पंचेचाळीसच झाली होती. आपल्याकडे इमारतीने तिशी ओलांडली की संरचनात्मक तपासणी मागे लागते. तिशीत तपासणी, साठीनंतर सत्कार, आणि मधली तीस वर्षे जीव मुठीत! एजंटाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "माणसाचं तरी वेगळं काय आहे?" त्याच्याशी माझे प्रथमच एकमत झाले.

आणि मग एका श्रावणी रविवारी ते घर सापडले. उतरती कौले, त्यांवर शेवाळ, पुढे छोटे अंगण, अंगणात ओटा. घर दोन भावांचे होते. आत थोरल्याची पत्नी तांदूळ निवडत बसली होती. छपरात एक काचेचे कौल होते. त्यातून पडलेला प्रकाशाचा चौकोन जमिनीवरून सरके, तशी वहिनी आपले ताट त्याच्यामागे सरकवीत. मी गेलो तेव्हा त्या दाराजवळ होत्या. निघालो तेव्हा कपाटापाशी पोहोचल्या होत्या. एका माणसाने कागदावर काढलेला उजेड दुसऱ्या माणसाने इतक्या निगुतीने वापरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"इतकी वर्षं तुम्ही काहीच बदललं नाहीत!" मी भारावून म्हणालो.

"बदलू देतात कुठे?" थोरले म्हणाले. "धाकट्यानं केस टाकलीय. कोर्टाचा जैसे थे आहे. खिळा ठोकायचा तरी वकिलाला विचारावं लागतं."

मी वारसा-संवर्धनावरची व्याख्याने ऐकली आहेत, निवेदनांवर सह्या केल्या आहेत. परंतु कोणत्याही समितीला जे जमले नाही ते भाऊबंदकीने एकोणीस वर्षे, बिनतक्रार नव्हे पण बिनचूक, करून दाखवले होते. या संवर्धनात खोट एकच होती: जोवर वाद आहे तोवर घर शाबूत आणि म्हणूनच विकता न येणारे, वाद मिटला की घर विकता येणार आणि म्हणूनच मोडले जाणार. मी मनातल्या मनात दोन्ही भावांना दीर्घायुष्य चिंतिले आणि त्यांच्या वैरालाही.

गणपतीत ते दोघे समेटाला आले. मोदक खाताना म्हणे धाकट्याला आईची आठवण झाली. घर विकायचे नाही, वर मजला चढवायचा, खालचा थोरल्याचा आणि वरचा धाकट्याचा, असे ठरले. थोरल्यांचा मला फोन आला. मी सांत्वनाची अपेक्षा करीत होतो, ते म्हणाले, "तुम्ही नकाशे काढायचात ना? जरा आमचा काढून द्या. तुम्हाला या घराची माया आहे."

मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि हो म्हणालो. धूळ खात पडलेला ड्रॉइंग बोर्ड भाड्याच्या घरातील जेवणाच्या टेबलावर चढला. जिना कोठून न्यावा यावर तीन रात्री गेल्या. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी नको, म्हणून एक भिंत मी पूर्ण कोरी ठेवली. स्लॅबची मागणी मोडून वर उतरते छप्पर ठेवले, त्यावर उतरवलेली जुनीच कौले योजली आणि काचेचे कौल नव्या जिन्याच्या बरोबर वर आणले, म्हणजे चौकोन पायऱ्यांवरून उतरत खाली वहिनींच्या खोलीपर्यंत पोहोचेल. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा ब्लेडने खरवडून काढले. परवानगीसाठी सही माझ्या जुन्या साहेबांच्या मुलाने केली, आणि करताना "काका, हे कोणी काढलंय?" असे विचारले. मी चष्मा पुसत राहिलो.

मजला चढला. धाकट्याची बदली झाल्यामुळे तो रिकामा राहिला. गेल्या आठवड्यात एजंटाचा व्हॉट्सॲपवर संदेश आला: "काका, बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज. वरचा मजला, भाड्याने. आर्किटेक्टनं डिझाइन केलेलं. तुम्हाला हवं होतं तसंच आहे, लगेच बघून घ्या. दलाली एक महिन्याचं भाडं."