दात आहेत, चणे नाहीत

दंतवैद्याने माझी दाढ उत्तम दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीच्या बिलाने महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचा किराणा गिळून टाकला. दातांची आणि चण्यांची गाठ कधी पडत नाही ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तोही नुकताच दाढ भरून घरी परतला असावा, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. हातातल्या रकमेला सातने भागले, आलेले उत्तर पुन्हा तपासले. भागाकार दुर्दैवाने बरोबर होता.

अशा वेळी शिकलासवरला माणूस बाजारात जाण्याऐवजी वाचायला बसतो. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली नेमका हाच प्रश्न सोडवायला घेतला होता: शरीराची गरज भागवणारा सर्वांत स्वस्त आहार कोणता? ७७ पदार्थ चाळून त्याच्या हाती उरले ते गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. चवीला त्या गणितात जागा नव्हती, आणि हा आहार कोणी कोणाला सुचवत नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे जॉर्ज डँटझिग या गणितज्ञाने वजन उतरवण्यासाठी असेच गणित संगणकाला घातले, तर संगणकाने त्याला पाचशे गॅलन व्हिनेगर पिण्याचा सल्ला दिला. व्हिनेगर यादीतून काढल्यावर सूपच्या दोनशे वड्या पुढे आल्या. हे वाचून मला फार धीर आला. माझी अक्कल तोकडी असली, तरी ती मला व्हिनेगरच्या पिंपात बुडवणार नाही, एवढा विश्वास वाटू लागला.

तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, थोडी अंडी आणि तेल, अशी माझी यादी ठरली. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात, त्यांपैकी लायसिन तांदळात कमी असते आणि मिथिओनिन डाळीत. त्यामुळे दोन कफल्लक शेजाऱ्यांनी एकमेकांकडून उसनवारी करून संसार रेटावा, तसे ते दोघे एका ताटात आले की प्रथिनांचे भागते. खरी गोची तेलापाशी झाली. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, पिष्टातून चारच. म्हणजे पोटाला सर्वांत मोठा आधार तेलाचा. पण तेलाचा मोठा डबा मापाला स्वस्त आणि खिशाला अशक्य, तर छोटी बाटली खिशाला शक्य आणि मापाला महाग. काटकसर करायची तर आधी बऱ्यापैकी पैसे जवळ असावे लागतात, ही गोष्ट काटकसरीचे सल्ले देणारी मंडळी कधी सांगत नाहीत. मी छोटी बाटली घेतली. बिल करताना बेरीज माझ्या अंदाजापुढे गेली, तेव्हा मागच्या रांगेच्या साक्षीने पिशवीतले दोन कांदे परत काढून ठेवले. ते ठेवताना मी त्यांच्याकडे असे काही निरखून पाहिले, की कांद्यांचा दर्जाच मला पसंत नसावा, असे रांगेला वाटावे.

आठवड्याच्या मध्यापर्यंत भुकेचा जाच फारसा नव्हता; जाच होता तो डोक्यात बसलेल्या कारकुनाचा. तो प्रत्येक गोष्टीचे अंड्यांत रूपांतर करी. बसचे भाडे किती अंड्यांचे, चहा किती अंड्यांचा, आणि कार्यालयातल्या निरोपसमारंभाची वर्गणी तर अख्ख्या खुराड्याची! तेलाची बाटली रात्रभर वाटीवर उलटी टेकवून ठेवली, की सकाळी चमचाभर तेल जमते. त्या चमच्याकडे मी ज्या जिव्हाळ्याने पाहत असे, त्या जिव्हाळ्याने नातेवाइकांकडेही पाहिलेले नाही. झोपण्यापूर्वी मी इतरांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहू लागलो होतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग झाला, त्यांच्यापैकी काही जण पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले होते. ते सहा महिने अर्धपोटी होते आणि मी अद्याप पहिल्या आठवड्यातच होतो, हा फरक मात्र मी स्वतःला सोयीस्करपणे सांगितला नाही.

अशा अवस्थेत एक जुना मित्र रात्री दारात उभा राहिला. “काही वेगळं करू नकोस, जे असेल ते खाऊ,” असे तो मोठ्या मनाने म्हणाला. जे होते ते ग्रॅमपर्यंत वाटून ठेवलेले होते, हे त्याला कसे सांगावे? डाळीत पाणी वाढवले, मीठ वाढवले आणि वाढताना डाव पातेल्याच्या तळापर्यंत जाऊ दिला नाही. तो आवडीने जेवला. दुसऱ्यांदा भात घेताना माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, “बारीक झालायस रे. कोणत्या आहारतज्ज्ञाकडे जातोस? बराच पैसा ओतलेला दिसतोय.”

मी त्याला माझी सगळी यादी गंभीरपणे सांगितली. त्याने ती मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि जेवणानंतर काही गोडधोड आहे का, असे विचारले.