‘अभ्यासू वाचक’ यांच्या कमेंटला उत्तर: शिशाचा श्वास आणि तो ‘उंचवटा’

मागच्या पोस्टमध्ये मी शिशाच्या ‘ब्रीदिंग मोड’बद्दल लिहिलं होतं, म्हणजे शिसं-208 च्या न्यूक्लियसमधले सगळे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकदम फुगतात आणि एकदम आकसतात तो जायंट मोनोपोल रेझोनन्स. शिशावर कण मारून त्याने किती ऊर्जा घेतली याचा आलेख (स्पेक्ट्रम) काढला की हे फुगणं-आकसणं एका ठरावीक ऊर्जेला उंचवटा म्हणून दिसतं; ही ऊर्जा एमईव्हीत, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. त्याखाली ‘अभ्यासू वाचक’ या नावाने आलेली कमेंट अशी: “ताई, कविता छान जमलीय. न्यूक्लियस श्वासबिस घेत नाही, आलेखावर एक उंचवटा दिसतो, त्यातून बॅकग्राउंड वजा करून ज्याला जे हवं ते तो काढतो. तीन एमईव्ही रुंदी म्हणजे एक आवर्तनही धड पुरं होत नाही. आणि 14 फेम्टोमीटर त्रिज्या? ज्यांनी कधी स्पेक्ट्रम हातात घेतला नाही त्यांनी यावर लिहू नये.”

आधी चूक मान्य करते. 14 फेम्टोमीटर हा व्यास आहे, त्रिज्या सातच्या आसपास. दुरुस्त केलंय, आभार. पण हेच “त्रिज्या बघा जरा” एवढं म्हणून सांगता आलं असतं ना हो? ‘ताई, कविता छान जमलीय’ कशाला? माझ्या जागी कुणी ‘सर’ असते तर त्यांना तुम्ही ‘दादा, कविता छान’ असं लिहिलं असतं का, खरं सांगा. आणि श्वास हा शब्द मी घरी बसून शोधलेला नाही, 1977 पासून हे काम करणारे लोकच त्याला ब्रीदिंग मोड म्हणतात.

आता “ज्याला जे हवं ते तो काढतो”. हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

शिशात डायपोल रेझोनन्स, म्हणजे प्रोटॉन एकीकडे न्यूट्रॉन दुसरीकडे असं हेलकावणं, साधारण साडेतेरा एमईव्हीला येतं. मोनोपोल येतो 13.7 ते 14 ला, म्हणजे जवळजवळ त्याच्याच डोक्यावर, आणि अकराच्या आसपास क्वाड्रुपोल, म्हणजे न्यूक्लियस एकदा लांबट, एकदा चपटं होतं ते. डायपोल 1940 च्या दशकात बीटाट्रॉन या इलेक्ट्रॉन-अ‍ॅक्सिलरेटरच्या गॅमा किरणांनी हाती लागला होता पण मोनोपोल पक्का व्हायला 1977 उजाडलं, आधी नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन आणि त्याच वर्षी अमेरिकेतलं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. हवं ते काढता येत असतं तर मधली तीस वर्षं लोक काय करत होते? शिशावर मारायला अल्फा कण (हेलियमचं न्यूक्लियस) वापरतात त्याला कारण आहे, तो प्रोटॉन-न्यूट्रॉनना सारखंच ढकलतो म्हणून डायपोल जवळपास बाजूला पडतो. मग उरले मोनोपोल आणि क्वाड्रुपोल, ते अल्फा मूळ दिशेपासून किती कोनात वळून बाहेर येतो त्यावरून वेगळे होतात: शून्य अंशाजवळ मोनोपोल जोरात असतो आणि दोन-चार अंश सरकलं की धाडकन पडतो, क्वाड्रुपोल तसा पडत नाही. हे पडणं आपल्या मर्जीवर नाही. उंचवटा कुणीही दाखवेल, पण तो कोनाबरोबर नेमका तसाच पडला पाहिजे.

बॅकग्राउंडचं म्हणाल तर जपानमधल्या ओसाकाच्या ग्रँड रायडन स्पेक्ट्रोमीटरवर (बाहेर आलेल्या कणांची ऊर्जा मोजणारं यंत्र) काय करतात ते बघा. सुमारे 400 एमईव्हीचा अल्फा शिशाला 14 देऊन 386 चा होऊन पुढे येतो. टार्गेटवरून खरोखर आलेले कण उभ्या दिशेत एका जागी फोकस होतात, आणि कुठेतरी कडेला आपटून आलेले वर-खाली पसरतात. त्या वरच्या-खालच्या पट्ट्यातले कण मोजायचे आणि मधल्यातून वजा करायचे. यात ‘हवं ते’ कुठे बसवणार?

आणि कथिलाचं काय? 2007 मध्ये तिथेच उमेश गर्ग यांच्या गटाने कथिलाचे 112 ते 124 पर्यंतचे सम आयसोटोप मोजले. जी मॉडेल्स शिशाला बरोबर बसतात ती कथिलाला मोनोपोलची ऊर्जा जास्त देतात, प्रत्यक्षात कमी येते, म्हणजे कथिल अपेक्षेपेक्षा मऊ, दाबायला सोपं निघालं. हवं ते काढणाऱ्यांनी स्वतःला इतकं अडचणीचं उत्तर कशाला काढलं असतं?

राहिलं ‘स्पेक्ट्रम हातात न घेतलेले’. मी हे कधी ब्लॉगवर मिरवलं नाही पण आता सांगते. कॉलेजात शिकवायला लागायच्या आधी तीन वर्षं मी एका अ‍ॅक्सिलरेटरवर तापलेल्या न्यूक्लियसमधून येणारे डायपोलचे गॅमा मोजत होते, मोनोपोल नव्हे, डायपोल. गॅमा पडला की चमकणारे बेरियम फ्लोराइडचे क्रिस्टल या हातांनी गुंडाळलेत, आधी पांढरी टेफ्लॉन टेप, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वर काळी टेप, एक सुरकुती राहिली तर परत उलगडायचं. एका रात्री तीनच्या सुमाराला हॉलचा एसी बंद पडला, क्रिस्टल गरम झाले, त्यांचा प्रकाश कमी झाला आणि एनर्जीचं माप लावायला ठेवलेल्या अमेरिशियम-बेरिलियम स्रोताची 4.44 एमईव्हीची रेघ डोळ्यांदेखत खाली सरकली. सकाळी स्पेक्ट्रम काढला तर त्यात उंचवटा होता, देखणा होता, पाहिजे तिथेच होता. तरी तो अख्खा रन आम्ही फेकला, कारण एनर्जीचा भरवसा राहिला नव्हता, आणि पुढचा बीमटाइम, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर वापरायची पाळी, मिळायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत माझी फेलोशिप संपली. त्यामुळे ‘ज्याला जे हवं ते’ हे मला इतकं सहज ऐकून घेता येत नाही, माफ करा.

रुंदीचा आणि आवर्तनाचा मुद्दा म्हणजे शब्दाचा कीस आहे, त्यात मी शिरत नाही. पोस्ट बारावीच्या मुलांनाही कळावी म्हणून लिहिली होती.

तुमची कमेंट डिलीट करणार नाही, ‘ताई’सकट राहू दे. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा एवढंच. कथिलावर सविस्तर पोस्ट लिहायला घेतलीय, त्यात टेक्सास आणि ओसाकाचे आलेख शेजारी शेजारी लावणार आहे, तिथे एखादा आकडा चुकला तर जरूर सांगा.